घ्यायची पायली, द्यायची पायली

आकड्यांचं आणि आपलं कधी जमलं नाही बुवा, असं लेखक मंडळी मोठ्या ऐटीत सांगतात. मला ती सोय नाही. कारण छत्तीस वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांतून गणितच शिकवलं. घाटावर शिकवलं, घाटाखाली शिकवलं. आमच्या जिल्ह्याचे हे दोनच भाग. बाकीचं जग तिसऱ्यात येतं. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी काही आज लोकांचे हिशेब तपासतात आणि काहींचे हिशेब तपासले जातात. पण रस्त्यात भेटल्यावर दोन्ही प्रकारची मुलं वाकून नमस्कार करतात, आणि मास्तराला दोन्ही नमस्कार सारखेच गोड लागतात.

गोडावरून आठवलं. निवृत्तीनंतर माझ्या आयुष्यात एकच महत्त्वाचा आकडा उरला, तो म्हणजे चहातली साखर. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं आणि हा आकडा दोन चमच्यांवरून एकदम शून्यावर आणला. सौ.ने त्याची अंमलबजावणी त्याच संध्याकाळपासून केली. सरकारी आदेश निघायला आणि पोचायला लागतो तसला वेळ तिनं मला दिला नाही. पण हा बदल फक्त आमच्या स्वयंपाकघरापुरता होता. राजूर घाट उतरून मलकापूरच्या बाजूला गेलं की माझ्या धाकट्या बहिणीचं घर लागतं. तिथं अजून जुनाच आकडा चालू होता. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मीच. त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा मला बहिणीची फार आठवण यायची. पिशवी उचलून मी निघालो की सौ. कौतुकानं शेजारणीला सांगायची, "भावाबहिणीचं प्रेम पाहावं तर ह्यांचं!" मी मान खाली घालून एस.टी. स्टँडची वाट धरायचो.

तर अशाच एका दोन चमचे साखरेच्या मुक्कामात ही हकिगत सुरू झाली.

बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं, शेतमाल खरेदीचं दुकान आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, असा माल येतो. दुकानाचा सारा हिशेब आजवर लाल कापडी बांधणीच्या वह्यांत आणि भाऊजींच्या डोक्यात होता. वह्या उंदरांनी कुरतडल्या तरी डोकं शाबूत होतं, म्हणून चाललं. पण भाचा संगणकाचा इंजिनीयर होऊन घरी आला आणि त्यानं जाहीर केलं की, आता दुकानाचा प्रोग्रॅम लिहायचा. तो आणि त्याचे दोन मित्र असे तिघं मिळून कामाला लागले. चहा आणि भजी पुरवायचं काम बहिणीकडे आलं, पैसे पुरवायचं भाऊजींकडे, आणि गणिताचा मास्तर म्हणून तपासनिसाचं काम माझ्याकडे. तिघांत सोपं काम माझंच, असा माझा तेव्हा समज होता.

"मामा, प्रोग्रॅममध्ये आम्ही वेगवेगळे क्लास केलेत," भाचा म्हणाला.

"उत्तम. पटसंख्या किती?" मी विचारलं.

मग त्यानं समजावून सांगितलं. क्लास म्हणजे मुलं बसतात तो वर्ग नव्हे. प्रोग्रॅमची कामं वाटून दिलेली असतात, आणि एकेका कामाची माहिती आणि ते करण्याची रीत एकत्र बांधून ठेवली की त्याला क्लास म्हणतात. वजनचिठ्ठीचा एक क्लास, तो भाच्यानं लिहिलेला. बिलाचा दुसरा, तो एका मित्राचा. साठ्याचा तिसरा, तो दुसऱ्या मित्राचा. प्रत्येकानं आपापलं काम करायचं, दुसऱ्याच्या पोटात डोकावायचं नाही. मला ही व्यवस्था आवडली. आमच्या शाळेतही सातवीच्या मास्तरानं पाचवीत डोकावलेलं चालत नसे.

मी तपासणी चोख केली. आधी वजनचिठ्ठी तपासली. बरोबर. मग बिल तपासलं. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर. साठाही तपासला. तोही बरोबर. तिन्ही कागदांवर मी जुन्या सवयीनं लाल पेनानं 'तपासले' असं लिहिलं आणि खाली सही केली. ती सही पुढे माझ्या अंगाशी आली.

दिवाळीच्या आधी सोयाबीनचा हंगाम सुरू झाला. दुकानासमोर ट्रॅक्टर उभे राहू लागले. यंत्रातून चिठ्ठ्या निघू लागल्या, भाऊजींच्या चेहऱ्यावर आधुनिकतेचं तेज चढलं. पंधराएक दिवसांनी मी पुन्हा बहिणीच्या प्रेमानं घाट उतरून आलो होतो. दुसरा कप चालू होता. तेवढ्यात एक शेतकरी पायरीशी आला. डोक्याला उपरणं, हातात दोन कागद. मला पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. माझाच जुना विद्यार्थी निघाला.

"गुरुजी, पाढे तुमीच शिकवले नं मले?"

"हो रे बाबा."

"मंग हे पाहा बरं."

त्यानं दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. एक वजनचिठ्ठी, एक बिल. माल चाळीस पोती. पोत्यांसकट वजन दोन हजार चारशे चाळीस किलो, ते दोन्हीकडे सारखं. पण पोत्यांचं वजन वजा जाता चिठ्ठीवर निव्वळ माल होता दोन हजार चारशे बत्तीस किलो, आणि बिलावर होता दोन हजार चारशे.

"एक माल, दोन वजनं. तुमची मशीन दोन तोंडानं बोलून राह्यली, गुरुजी. यातलं खरं कोनतं?"

मी छत्तीस वर्षांत मुलांना हजारो प्रश्न विचारले, पण इतका सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि दोन्ही कागदांवरचा हिशेब माझ्याच पद्धतीनं तपासलेला! बिल तर मी विशेष खुशीनं पास केलं होतं. चोवीस क्विंटल बरोबर! इतका गोल आकडा पाहिल्यावर शंका घ्यायची तरी कशी? बत्तीस किलोंचा फरक. भाव क्विंटलला चार हजार धरला तरी बाराशे ऐंशी रुपये. हा आकडा गोल नव्हता, पण त्याला टोक होतं.

भाच्याला बोलावलं. तो आतून लॅपटॉप घेऊन आला, त्याचे दोन मित्र आले, आणि पायरीवरच चौकशी बसली. प्रकरण असं निघालं. तिन्ही क्लासना रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान्याचं वजन, लागत होतं. भाच्यानं दुकानात प्लास्टिकची पोती पाहिली होती, म्हणून वजनचिठ्ठीच्या क्लासात लिहिलं पोत्याला दोनशे ग्रॅम. बिल लिहिणाऱ्या मित्रानं घरी वडिलांना विचारलं. त्यांच्या डोळ्यांपुढे तागाचं जुनं पोतं. ते म्हणाले, "किलोभर धर." त्यानं एक किलो धरलं. साठा लिहिणाऱ्या तिसऱ्यानं कोणालाच विचारलं नाही. त्याच्या जगात पोत्याला वजनच नव्हतं. त्यामुळे गोदामात जे सोयाबीन कधी आलंच नाही, तेही त्यानं इमानेइतबारे जमा करून ठेवलं होतं.

म्हणजे पोतं एक, आणि आकडे तीन. तिन्ही आकडे आपापल्या घरात सुखानं नांदत होते. मी प्रत्येकाच्या घरी वेगवेगळा जाऊन जेवून आलो होतो. तिघांना एका पंगतीला बसवण्याचं मला सुचलं नाही. ते सुचलं माझ्या विद्यार्थ्याला, तेही तपासनिसाचा एक रुपया न घेता.

भाच्यानं वडिलांचा पारा उतरवण्यासाठी मोठं उदाहरण काढलं. म्हणाला, "बाबा, हे कोणाचंही होतं. नासाचं मंगळावर गेलेलं यान २३ सप्टेंबर १९९९ ला असंच हरवलं. एका चमूच्या प्रोग्रॅममध्ये रेट्याचा आकडा पौंडांच्या हिशेबात निघत होता, आणि दुसरीकडे तोच न्यूटनच्या हिशेबात वाचला जात होता. दोघांचं गणित आपापल्या जागी ठीक. यान मंगळाच्या फार जवळ गेलं आणि संपलं."

त्यावर आतून बहिणीचा आवाज आला, "असंल. पण मंगळावर कोणी पायरीशी येऊन खरं कोणतं म्हणून विचारत नाही!"

यावर नासाकडेही उत्तर नसावं.

वास्तविक आम्ही वऱ्हाडातली माणसं. आम्हाला हे नवं असायला नको होतं. किती शेरांची पायली आणि किती पायल्यांचा मण, याचं उत्तर पूर्वी गावाच्या वेशीबरोबर बदलायचं. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला, १९५७ च्या १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि १९५८ पासून किलो आणि ग्रॅम बाजारात उतरू लागले, ते याच कटकटीला कंटाळून. साऱ्या देशानं एकच आकडा एकाच जागी मानायचा, असं ठरलं. तरी जुने आकडे जाता जात नाहीत. आमच्या आईनं बहिणीच्या लग्नात पायातले तोडे दिले. बरोबर चिठ्ठी होती, 'वीस तोळे'. मागे बहीण ते उजळून घ्यायला खामगावला घेऊन गेली. खामगावची चांदी म्हणजे नावाजलेली. सराफानं काट्यावर ठेवले आणि म्हणाला, "तेवीस तोळे आहेत." बहीण हरखून गेली. आईच्या हाताला बरकत होती हे तिला माहीत होतं, पण चांदी व्यायते हे ती पहिल्यांदाच ऐकत होती! मग मी गणित मांडून दाखवलं. आईचा तोळा जुना, सुमारे ११.६६ ग्रॅमचा. सराफाचा तोळा आजच्या बाजारातला, १० ग्रॅमचा. नाव तेच, माप वेगळं. बहीण म्हणाली, "दादा, तू नसतं सांगितलंस तर काय बिघडलं असतं?" खरं आहे. हिशेब जुळवणाऱ्याचं कौतुक होत नाही.

पण इथं पायरीवर बसलेल्या माणसाचे बाराशे ऐंशी रुपये होते. ते भाऊजींनी लगेच गल्ल्यातून काढून दिले. आता प्रश्न बाकीच्यांचा आला. गेल्या पंधरवड्यात बिलं झालेले सदतीस शेतकरी निघाले. भाऊजी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, ज्यानं विचारलं त्याले दिले. बाकीच्यांनी तं विचारलं नाही. पुढच्या हंगामात भाव जरा चढा देऊन टाकू, मंग झालं."

मला ते पटलं नाही. पण मी बोलूही शकलो नाही. कारण ज्यांनी विचारलं नाही त्यांना सांगायचं नाही, या तत्त्वावर मी दोन वर्षं साखर खात आलो होतो.

बोलली बहीण. बोलली म्हणजे काय, स्वयंपाकघरातून आमच्या आईची पितळी पायली घेऊन आली आणि तिनं ती गल्ल्याच्या शेजारी ठेवली. ही पायली आमच्या घरी तीस-चाळीस वर्षं वापरात होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायांची मजुरी तेव्हा ज्वारीत द्यायची पद्धत. गावात काही घरी दोन पायल्या असत. एक घ्यायची आणि एक द्यायची. घ्यायची जरा पोटानं मोठी, द्यायचीचा बूड थोडा आत ठोकलेला. आमच्या आईकडे एकच होती. कोणी उसनी मागायला आलं तरी तीच, कोणी परत करायला आलं तरी तीच, मजुरीलाही तीच. आई शाळेत गेली नव्हती. पण दोन मापं ठेवली की त्यातलं एक खोटं असतंच, एवढं गणित तिला येत होतं.

बहीण एकच वाक्य बोलली. "ही घरात ठेवायची का मोडीत द्यायची, तेवढं सांगा."

भाऊजींनी पायलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि सदतीस जणांची यादी काढायला सांगितली. एकूण रक्कम मी इथं लिहीत नाही. भाऊजी हा लेख वाचण्याची शक्यता आहे, आणि त्यांना पुन्हा तो त्रास कशाला?

आता प्रोग्रॅमची दुरुस्ती आली. भाचा म्हणाला, "मामा, सोपं आहे. सगळ्यांना लागणारे आकडे एका फायलीत आणून ठेवायचे. बाकीच्या क्लासांनी तिथून घ्यायचे. याला कॉन्फिगरेशन म्हणतात."

"म्हणजे मांडणी," मी म्हणालो. "आपल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी करतात, तसं. एकदा मांडलं की सगळ्या पंचक्रोशीनं तिथं येऊनच पाहायचं. ज्यानं त्यानं आपापल्या वावरात घट मांडले तर पाऊस कोणाचं ऐकेल?"

भाच्याला उपमा पसंत पडली. त्यानं 'स्थिरांक' नावाची फाईल केली. नाव मीच सुचवलं. दोन दिवसांनी ती उघडून पाहिली तर आत एकशे चौदा नग! तिघंही जे हाताला येईल ते तिथं टाकत सुटले होते. पोत्याचं वजन होतं, क्विंटलचे किलो होते, छापायच्या कागदाची रुंदी होती, दुकानाचा फोन नंबर होता. 'वजन', 'वजन दोन', 'नवीन वजन' आणि 'खरं वजन' असे चार सख्खे भाऊ होते. बहिणीच्या फडताळात एक डबा आहे. त्यात सुतळी, बटणं, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या, जुन्या लग्नपत्रिका आणि एक विळीचं पातं असतं. त्याचं नाव 'कामाचा डबा'. कामाची वस्तू त्यात आजवर कोणाला सापडलेली नाही. स्थिरांक फाईल म्हणजे तोच डबा झाला होता.

मग मी मास्तरकी काढली. एकेक नग बाहेर काढून विचारलं, "हा कोणाकोणाला लागतो?" कागदाची रुंदी फक्त छपाईच्या क्लासाला लागते, तर ती त्याच्याच घरी जाऊ दे. जे दोघांतिघांना लागतं तेवढंच सामाईक. आणि नाव असं पाहिजे की परक्यालाही कळावं. नुसतं 'वजन' नाही. कशाचं वजन, आणि कशात? किलोत की ग्रॅममध्ये? 'प्लास्टिक पोत्याचं वजन, किलोत' असं लांबलचक नाव चालेल. आमच्याकडे नावं लांबच असतात, त्यानं कोणाचं लग्न अडत नाही. शेवटी एकशे चौदांतले अकरा उरले.

भाच्यानं बारदान्याचा आकडा एका जागी दुरुस्त केला. सगळे श्वास रोखून बसले. बिल छापलं. त्यावर पोतं पुन्हा एक किलोचंच!

हे मात्र मला भुताटकीसारखं वाटलं. भाऊजींनी तर यंत्राला लिंबू-मिरची बांधायची तयारी केली. तासाभरानं कारण सापडलं. प्रोग्रॅम 'जावा' नावाच्या भाषेत होता. माणसानं लिहिलेलं आधी यंत्राला समजेल अशा रूपात उलथवून घ्यावं लागतं. एखादा आकडा 'हा कधीच बदलणार नाही' अशी शपथ घालून लिहिला, तर उलथवणारा गृहस्थ वेळ वाचवण्यासाठी तो आकडा वापरणाऱ्या प्रत्येक क्लासच्या पोटात उतरवून ठेवतो. मग मूळ फाईल बदलली आणि तेवढीच नव्यानं उलथवली, तर बाकीचे क्लास पोटातला जुना आकडाच घोकत राहतात. त्यांनाही नव्यानं उलथवलं तरच त्यांना बातमी कळते.

हे ऐकून मला एकदम लोणार आठवलं. छत्तीस वर्षं मी मुलांच्या सहली तिथं नेल्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर, मधे खारं पाणी. काठावर उभं राहून मी ठणकावून सांगायचो, "मुलांनो, उल्का पडली पन्नास हजार वर्षांपूर्वी." तेव्हा पुस्तकांतही तसंच असायचं. पुढे २०११ च्या सुमारास आर्गॉन वायूच्या पद्धतीनं तिथल्या काचेसारख्या खडकांचं वय काढलं, ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. मी निवृत्त झाल्यावर हे वाचलं. माझा आकडा मी दुरुस्त केला. पण माझ्या हाताखालून गेलेल्या शेकडो मुलांच्या डोक्यात मी जो उतरवून ठेवला, त्याचं काय? त्यांतले काही आता स्वतः मास्तर आहेत आणि आपल्या मुलांना पन्नास हजारच सांगत असतील. त्यांच्याकरता ते सरोवर पाच लाखांहून जास्त वर्षांनी लहान राहिलं आहे. माणसांना नव्यानं उलथवायची सोय नाही. वाटेत कोणी भेटला तर मी आवर्जून सांगतो. अलीकडे माझे विद्यार्थी मला पाहून रस्ता ओलांडतात, त्याचं कारण बहुधा हेच.

मग पोरांनी रीत बदलली. आकडे प्रोग्रॅमच्या बाहेर एका साध्या तक्त्यात ठेवले. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच तो तक्ता वाचायचा आणि प्रत्येक क्लासच्या हातात त्याला लागणारे आकडे द्यायचे. कोणी आपल्या पोटात लपवून ठेवायचे नाहीत. आमच्या शाळेत सूचनावही फिरायची तसंच हे. शिपाई वही घेऊन वर्गावर्गात जायचा, मास्तर वाचून सही करायचे. मुख्याध्यापकांनी सुट्टी जाहीर केली आणि सहावी 'ब' तेवढी दुसऱ्या दिवशी येऊन बसली, असं वहीमुळे होत नसे. म्हणजे क्वचित व्हायचं, पण तेव्हा शिपाई सहावी 'ब'ला विसरलेला असायचा.

नवीन बिल बरोबर आलं. भाऊजींनी उत्साहानं मागच्या वर्षीची बिलंही पुन्हा छापून पाहिली. वह्यांतून ती यंत्रात भरून घेतली होती. आणि सगळी चुकली! मागच्या वर्षी बराच माल तागाच्या पोत्यांत आला होता. यंत्रानं त्या पोत्यांनाही आजचं दोनशे ग्रॅम लावलं होतं. कोणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेत, असं ते उगाचच म्हणत होतं. म्हणजे आकडा एका जागी ठेवून भागत नाही. तो कोणत्या तारखेपासून लागू, हेही शेजारी लिहावं लागतं. जुना आकडा खोडायचा नाही. तो आपल्या दिवसांपुरता खराच होता. तक्त्यात 'कधीपासून' असा रकाना वाढला. 'कोणी बदलला' असा आणखी एक वाढला. तो भाऊजींच्या सांगण्यावरून, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत होते.

एवढं सगळं झाल्यावर आमच्या विद्यार्थ्याला मुद्दाम बोलावून आणलं. म्हटलं, ज्यानं चूक काढली त्यानंच पास करावं. पोरांनी त्याला तक्ता दाखवला. तागाचं पोतं इतकं, प्लास्टिकचं इतकं, लहान कट्टा इतका. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग आपलं एक रिकामं पोतं झटकलं, घडी केली आणि काट्यावर ठेवलं.

"पोतं हतंच हाये, काटा हतंच हाये," तो म्हणाला. "मंग अंदाजानं कायले धरता? ठेवा नं काट्यावर!"

तिघं इंजिनीयर आणि एक गणिताचा मास्तर, चौघंही काट्याकडे पाहत राहिलो. आम्ही पंधरा दिवस ज्या आकड्याला घर शोधत होतो, त्याला घराची गरजच नव्हती. तो स्थिर नव्हताच. आम्ही मोजायचा कंटाळा केला आणि त्याला स्थिरांक म्हणालो. क्विंटलचे शंभर किलो, हा स्थिरांक. तो कोणाच्या पोत्यावर अवलंबून नाही. बाकी दारात जे येतं, ते मोजून घ्यावं. तक्त्यातून बारदाना गेला, अकराचे दहा उरले. आता काट्यावर आधी त्याच प्रकारचं रिकामं पोतं ठेवतात आणि तोच आकडा चिठ्ठी, बिल, साठा असा तिन्हीकडे जातो. पायली अजून गल्ल्याजवळ आहे. भाऊजी तिच्यात सुटे पैसे ठेवतात. घ्यायचेही तिच्यातच, द्यायचेही तिच्यातूनच.

परवा पुन्हा बहिणीची आठवण आली, म्हणून घाट उतरलो. नेहमीप्रमाणे चहा आला. पहिला घोट घेतला आणि कपाकडे पाहत राहिलो. साखर शून्य! बहीण दारात उभी होती.

"काल वहिनीचा फोन आला होता, दादा. दिवाळीच्या लाडवांचं प्रमाण विचारायला. बोलता बोलता तुझं प्रमाणही निघालं."

मी काही बोलणार तेवढ्यात भाचा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "मामा, आकडा बदलला तर वापरणाऱ्या प्रत्येकाला कळवायचा असतो. तुम्हीच सांगितलं होतं."

चहा मी पूर्ण प्यायलो. मला गोड लागला, असं मी म्हणणार नाही. पण घाट चढून परत येताना पिशवी हलकी वाटत होती. घरी सौ.ने विचारलं, "काय म्हणते बहीण?" मी पहिल्यांदाच मान वर करून सांगितलं, "तिच्याकडचा चहा अगदी तुझ्यासारखाच झालाय."